माचीवरचं गूळपाणी

"पोचलो नाही म्हणजे काय, बाबा? हा काय तुमच्यासमोर उभा आहे!"

रंगनाथशेठ गडावर राहणाऱ्या कातळबाबांना म्हणाले. पाण्याच्या टाक्याच्या काठावर पितळी तांब्या उपडा घातला होता. तो तसाच राहिला.

रंगनाथशेठना ते फार लागलं. कारण तुळणगडाच्या माचीवर एक रीत होती. गड चढून जो येईल, मग तो साहेब असो की गुराखी, बाबा त्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवत आणि टाक्याचं गार पाणी देत. मागावं लागत नसे. आणि आज, नेमकं आज, तांब्या उपडा.

शेठचा तालुक्याच्या गावी मांडवाचा धंदा. शाळा सातवीपर्यंत, पण बांबू, कनात आणि माणूस, तिन्ही नुसत्या हातानं पारखणार. गेली आठ वर्षं शनिवारी दुकान मुनिमावर सोपवायचं, पाठीवर तंबू घ्यायचा, भुंग्या कुत्र्याला हाक मारायची आणि गड गाठायचा, हा त्यांचा नेम. त्यातली तीन वर्षं ते बाबांच्या मागे लागले होते... मला पदरात घ्या, अनुग्रह द्या.

मागच्या खेपेला बाबा म्हणाले होते, "घरच्यांना घेऊन ये. मग बघू."

म्हणून आज शेठच्या पत्नी इंदुमतीबाई पहिल्यांदाच गडावर निघाल्या होत्या.

"तासाभरात चढलो, बाबा. साठीला आलो, पण खिंडीत एकदाही टेकलो नाही."

"आणि घरच्या?"

"येतेय मागनं. गुडघा धरतो तिचा. म्हटलं, ये सावकाश, वाट काही चुकायची नाही."

बाबांनी मान हलवली. त्यात हो नव्हतं, नाही नव्हतं.

एवढ्यात पायऱ्यांवरून भुंग्या वर आला. तांबूस, एक कान मोडका, जीभ हातभर बाहेर. शेठच्या पायांना नाक लावलं. शेजारी दगडी डोणीत पाणी होतं, त्याकडे बघितलंही नाही. वळला आणि आला तसा खाली धावला.

"बघा! तिसरी खेप ही त्याची," शेठ म्हणाले. "कधी सरळ चढेल तर शपथ. वर काय, खाली काय, नुसता नाचरा. मी एकदा चढतो तेवढ्यात हा चारदा चढतो. अक्कल असती तर दम राखला नसता?"

"मग बांध त्याला."

"बांधतोच."

शीळ घातली. भुंग्या अर्ध्या वाटेवरून परत आला, बिचारा मालकाचा शब्द मोडणारा नव्हता. शेठनी पिशवीतली दोरी काढून त्याला उंबराला बांधलं. भुंग्या ओरडला नाही, भुंकला नाही. दोरी ताणून, खालच्या वाटेकडे तोंड करून, कुईं कुईं करत राहिला.

"मांडवाची गाठ आहे, बाबा. वादळात मांडव उडेल, गाठ सुटायची नाही."

बाबा उठले. काठी टेकत उंबरापाशी गेले, वाकले आणि ती गाठ सोडली. भुंग्या बाणासारखा सुटला.

"गाठ पक्की आहे," बाबा म्हणाले. "बांधायचं कुणाला, ते चुकलं."

...

शेठ तंबू मांडायला लागले. हात कामात असले की जीभ मोकळी सुटते, त्यातून मांडववाला. गप्प राहणं त्यांना जमत नव्हतं, आणि उपड्या तांब्याकडे बघणंही.

"वऱ्हाडाची एक गंमत सांगतो, बाबा. नदीपलीकडच्या गावात लग्न होतं. मांडव आपला. वऱ्हाडाच्या गाड्या दोन. पहिली आली. मुलीचा बाप मोठा घायकुता! म्हणाला, आलं वऱ्हाड, वाजवा रे! गूळपाणी फिरवा! मी आडवा आलो. म्हटलं, मामा, थांबा. नवरदेव मागच्या गाडीत आहे. ती घाटात तापून उभी आहे. तो उतरेपर्यंत वऱ्हाड पोचलं असं म्हणायचं नाही, आणि गूळ तर..."

शेठ थांबले.

हातातली खुंटी हातातच राहिली.

"गूळ तर काय?" बाबांनी विचारलं.

"...काही नाही, बाबा."

खुंटी त्यांनी खाली ठेवली. वहाणांचे पट्टे आवळले आणि उतरायला लागले.

खिंडीच्या खाली, सतराव्या की अठराव्या पायरीवर इंदुमतीबाई बसल्या होत्या. एक बूट काढलेला. भुंग्या त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यावर हनुवटी टेकून बसला होता.

"का हो, परत का आलात? काही विसरलं का?"

"हो... म्हणजे, नाही. तू बस. दम घे."

"मला वाटलं, तंबू ठोकून घोरत असाल."

"एकटीला भ्यायला नाही झालं?"

"एकटी कुठली? हा येत होता की. यायचा, हात चाटायचा, जायचा. परत यायचा. मी म्हटलं, तुमचा निरोप आणतोय."

शेठनी भुंग्याकडे बघितलं. मग वाटेकडे.

"मी काही निरोप दिला नव्हता, इंदू."

"ते का मला माहीत नाही?" बाई हसल्या. "इतक्या वर्षांचा संसार आहे आपला. पण म्हटलं, मानायला काय जातंय?"

शेठनी तिची पिशवी खांद्याला लावली आणि हात पुढे केला. वर जाताना ती पुढे, ते मागे. गडाची वाट त्यांनी आजवर अशी पाहिलीच नव्हती. बाई पाच पायऱ्या चढायच्या, थांबायच्या, आणि थांबल्या की काहीतरी विचारायच्या.

"अहो, ते खाली पांढरं देऊळ कुठल्या गावचं?"

"...कोण जाणे. आज दिसलं मला."

"आठ वर्षं येताय ना?"

"हो ना."

"मग वर बघत चढता की काय?"

"घड्याळाकडे," शेठ म्हणाले, आणि दोघंही हसली, इतकी की बाईंना पुन्हा बसावं लागलं.

भुंग्याला आता धावाधाव नव्हती. दोघांच्या मधोमध, शेपूट हलवत, एका चालीत चढत होता.

तिघं माचीवर पोचली तेव्हा ऊन तांबडं झालं होतं. भुंग्या आधी डोणीपाशी गेला आणि पोटभर पाणी प्याला. मग कातळावर आडवा झाला, चारी पाय ताणले, एक मोठा सुस्कारा सोडला आणि डोळे मिटले.

बाबा त्याच्याकडे बघत होते. तो झोपला तसे ते उठले.

तांब्या सुलटा केला.

गुळाचा पहिला खडा इंदुमतीबाईंच्या तळहातावर. दुसरा भुंग्याच्या नाकाशी, कातळावर, जाग आली की मिळेल असा. तिसरा शेठच्या हातावर.

शेठनी गूळ तोंडात टाकला. तीन वर्षांचं मागणं जिभेवर आलं. ते बाबांच्या पायाशी बसले आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले,

"बाबा, आता तरी पोचलो ना? मग आता मला गुरू भेटू द्या!"

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, शेठ... तुझे गुरू आत्ताच झोपलेत."