बाळंतिणीचा कडा

करंजोळीसमोरच्या डोंगराला एक कूस नाही. मोठ्या पळीने भाताचा ढीग उपसावा तशी ती जागा खोल गेली आहे, आणि आतली लाल माती अजून उघडी आहे. तिथे गवत धरते, झाड धरत नाही. गावचे म्हातारे बुधाजी मेंगाळ पाहुण्यांना ओढ्याकाठी थांबवतात आणि बोट दाखवून सांगतात, हा बाळंतिणीचा कडा.

म्हणे, जुनी करंजोळी त्या कुशीतच होती. वीस-बावीस घरे. वर उंबराखाली झरा होता, तो वैशाखातही आटत नसे. काळ्या खडकात मुरलेले पाणी खालच्या गेरूच्या थरावर अडते आणि तिथून बाहेर येते, एवढे गावाला ठाऊक होते. तेच पाणी वर्षानुवर्षे आतला खडक कुजवत होते, हे कुणाच्या मनात आले नाही. बाहेरून डोंगर काळाकभिन्नच दिसायचा.

ठमा त्या गावची सून. थोरली जाई चार वर्षांची. आषाढात दुसरी मुलगी झाली. बाराव्या दिवशी बाळंतिणीने झऱ्यावर जाऊन पाणी पुजायचे, मगच घरातल्या हंड्याला हात लावायचा, अशी रीत. सात दिवस पाऊस थांबला नव्हता. पागोळ्यांखालीच हंडे भरत होते, त्यामुळे झऱ्याकडे कुणी फिरकले नव्हते. ठमा सासूबरोबर हळद-कुंकू घेऊन वर गेली, तर झरा कोरडा.

भर आषाढात कोरडा! ठमाने खडकाला कान लावला. आत जाते फिरावे तसा आवाज घुमत होता.

"आत्याबाई, पाणी आत कोंडलंय."

सासू दोन पावले मागे सरली. "कोंडतंय कशाचं? तुला बघून लपलं. दुसरीबी पोरगीच झाली, आता झराबी गेला."

भैरोबाच्या देवळात गाव जमले. कोंडलेल्या पाण्याने डोंगर खाली सरकेल, घरे सोडा, ओढा ओलांडा, असे ठमाने सगळ्यांसमोर सांगितले. गावचा नाईक भिवा हसला. "डोंगर काय तुझ्या पाळण्यातलं पोर हाय का गं, कूस बदलायला?" मंडळी खो खो हसली.

खूण वाईट आहे, हे मात्र सगळ्यांना पटले होते. डोंगराने दिलेली खूण त्यांनी बाईच्या कपाळी मारली. ठरले असे, की झरा परत वाहेपर्यंत ठमाने तान्हीला घेऊन ओढ्यापलीकडच्या कातळावर, गुराख्यांच्या खोपीत राहायचे.

ठमाने एकच मागितले. "जाईला माझ्यासंगं द्या."

"तिला का म्हणून? तिच्यावर कसला दोष हाय?" सासू म्हणाली. "पोर चुलीपाशी उबेला बसलीय, तिला भिजवतीस?"

ठमाने पाय धरले. नवऱ्याकडे पाहिले, त्याने मान खाली घातली. शेवटी तिने जाईचे मनगट धरून ओढलेच, तेव्हा सासूने तिची बोटे एकेक करून सोडवली.

असे सांगतात, की तान्हीला डोक्यावर धरून ठमा छातीभर पाण्यातून ओढ्यापार झाली. कातळावर चढून वळली, तर घरांवर चुलींचा धूर होता आणि जाई दारात उभी होती. तेवढ्यात उंबराखालून लाल पाण्याची चिळकांडी उडाली.

"आला! झरा आला!" गावात ओरड उठली. बाई टळली आणि पाणी परतले, असेच सगळ्यांना वाटले. माणसे हंडे-कळश्या घेऊन धावली, वर, झऱ्याकडे. सासूही धावली, जाईला काखेला मारून. ठमा किंचाळत होती. ओढ्याच्या आवाजात तिचे शब्द बुडाले.

मग उंबर हलला. तो पडला नाही. उभाच्या उभा खाली चालत आला, आणि त्याच्यामागून सगळी कूस आली.

ठमाने तीन दिवस हातांनी चिखल उपसला. तिला एक कळशी सापडली. जाई सापडली नाही.

ती माहेरी गेली नाही. कातळावरच राहिली. आजची करंजोळी त्या तान्हीच्या वंशाची, असे मानतात. या गावाच्या पाठीशीही डोंगर आहे आणि झरा आहे.

आजही इथली बाळंतीण बाराव्या दिवशी पाणी पुजायला जाते, ती आपली सगळी लेकरे बरोबर घेऊन. परत येऊन पाणी कसे आहे ते तीच सांगते. झरा कमी झालाय म्हणाली, की गाव चुली विझवून ओढा ओलांडते. बुधाजींच्या हयातीत तीनदा असे गाव उठले. तिन्ही वेळा डोंगर जागचा हलला नाही. लोक भिजून परत आले, आणि त्या बायांना कुणी एका शब्दाने बोलले नाही.