आमदारांना चहाचं आमंत्रण

आमदार भाऊसाहेब ढमढेरे निमखेड्यात आले होते, रस्ता आणि स्वस्त औषधांचं दुकान आपणच दिलं हे माइकवरून सांगायला. आदल्याच दिवशी खड्ड्यांत घाईघाईनं मुरूम पडला होता आणि चार महिने बंद असलेल्या दुकानाचं शटर वर गेलं होतं.

समोर बसलेल्या यमुनाबाईंना त्यांनी ऐटीत विचारलं, “बोला मावशी, आणखी काय देऊ?”

“काही नको. महिन्यातून एकदा माझ्याकडे चहाला या.”

आमदार खुलले. “एवढी माया?”

“माया कसली! तुम्ही येणार म्हटलं की रस्ता होतो, दुकान उघडतं. आमच्या मालकांच्या बीपीच्या गोळ्या महिनाभरच पुरतात.”

मंडपात हशा पिकला. यमुनाबाई शांतपणे म्हणाल्या, “घर वस्तीच्या पार टोकाला आहे. गाडी मात्र दारापर्यंत आणा.”