नागूबायची ऐरण आणि पोशाचा गुडघा

ढगांतलं मला जेवढं कळतं तेवढं आमच्या मोरखारात कुणालाच कळत नाही. कालच चावडीवर छातीठोक सांगितलं, आज थेंबही पडणार नाही, आणि घरी पोचेपर्यंत धोतर पिळायची वेळ आली. तेव्हा माझं सोडा. नागूबायचं ऐका.

लई जुनी गोष्ट. मोरखारात तेव्हा घराघराचं मिठागर होतं. वैशाखात मिठाच्या राशी बांधावर चमकायच्या, आणि त्याच दिवसांत वळवाचा पाऊस टपून बसलेला असायचा. रास वेळेवर झावळ्यांनी झाकली नाही तर वर्षाची मेहनत तासाभरात खाडीत.

पाऊस कधी येणार ते पोशादादाचा गुडघा सांगायचा. गुडघा ठणकला की राशी झाकायच्या. पोशादादा खाटेवरून नुसता "आई गं" म्हणायचा आणि गाव धावायचं. काय त्याचा मान सांगू. लग्नात वराआधी त्याच्या गुडघ्याला हळद लावायचे, असं म्हणतात. म्हणणारे पोशाच्याच घरचे, ते वेगळं.

मग नागूबाय या गावात लग्न होऊन आली. ती दिवसभर मान वर करून आभाळ बघायची. तिनं ढगांना नावं दिली. उंचावरचे बारीक पांढरे ते शेपट्या. त्या दिसल्या की दोन दिवस निवांत. मासळीसारखे ते खवले. ते दिसले की झावळ्या काढून ठेवा. आणि घाटाच्या बाजूनं ढग वर वर चढला, माथ्याशी लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट झाला, की ती ऐरण. ऐरण दिसली की जेवणावरून उठा. असं म्हणतात, ढगसुद्धा तिच्या डोक्यावर थबकायचा आणि आपलं नाव ऐकल्याशिवाय पुढे सरकायचा नाही.

गाव हळूहळू नागूबायला विचारायला लागलं. पोशादादाला तिचा हेवा असा काही ठणकायला लागला की गुडघा बरा म्हणावा.

आता आमच्याकडे एक रीत होती. जो म्हणेल पाऊस नाही, त्यानं आपली रास उघडी ठेवून दाखवायची. एका दुपारी नागूबाय बांधावरून ओरडली, "ऐरण चढली, झाका." त्याच वेळी पोशादादाचा गुडघा असा ठणकत होता की जणू आत कुणी घण घालतंय. पण तिच्या शब्दाला आपण होकार द्यायचा? दात आवळून, जराही न लंगडता तो बांधावर आला आणि म्हणाला, "पाऊस नाही. माझी रास उघडी राहील."

लोकांनी त्याचे आवळलेले दात बघितले, ऐरण बघितली, आणि गुपचूप आपापल्या राशी झाकल्या. सगळ्यांच्या झाकून झाल्या. नागूबाय तेवढी इतरांना हात देण्यात मागे राहिली. तिच्याकडे एकाच राशीपुरत्या झावळ्या उरल्या. वारा सुटला. पोशादादा आपल्या राशीजवळ उभा, आता गुडघा धरून.

नागूबाय आली आणि तिनं त्याची रास झाकली.

"तुझी जाईल ना गं," पोशादादा म्हणाला.

"जाऊ दे. दादा, मला तुमचा फार हेवा वाटतो," ती म्हणाली. "मला मान मोडेपर्यंत बघावं लागतं. तुम्हाला खाटेवर पडून कळतं. माझ्या मनातलं हे जळणं मिठाबरोबर वाहून गेलं तर बरंच."

पाऊस असा कोसळला की तिची रास जागेवर दिसेना. त्या वर्षी खाडीतले मासे मीठ न घालता शिजायचे, असं म्हणतात. पोशादादाला तरी झोप लागली का? नाही. गाव आता तिच्या नुकसानीचं कौतुक करत होतं, त्याचाही त्याला हेवा वाटला. पण पुढच्या वैशाखात सगळ्यात आधी तिची रास झाकली ती त्यानंच.

तेव्हापासून आजवर मोरखारात वैशाखातला एक दिवस नागूबायचा म्हणून पाळतात. त्या दुपारी आपली रास सोडायची आणि ज्याचा सगळ्यात जास्त हेवा वाटतो त्याची झाकायची. तोंडानं काही बोलायचं नाही. पण कुणाच्या राशीवर किती झावळ्या पडल्या, हे सगळं गाव तिरक्या डोळ्यांनी मोजतं. सरपंचाच्या राशीवर ढीग. नव्या मास्तरणीची रासच नाही, तरी तिच्या दारात सात झावळ्या.

आणि माझी रास दरवर्षी नीट झाकलेली असते बरं का. यंदा सगळे जेवायला गेले होते, तेव्हा शेजारची चांगुणा आपला विसरलेला विळा न्यायला बांधावर आली. मी हातात झावळी घेऊन उभा. म्हटलं, "कुणीतरी झाकून गेलंय, मी नुसती सारखी करतोय."

तिनं माझ्या डोक्याला लागलेला झावळीचा चुरा बघितला आणि विळा उचलला. "म्हणजे कान्हादादा, अख्ख्या मोरखारात तुमचा हेवा करणारे तुम्ही एकटेच."