पिंगलेचं नाक

पूर्वी चंपानगरीत वसुमित्र राजाचं राज्य असताना बोधिसत्त्व राजाच्या धान्यकोठारात बोका होऊन जन्मला. तिथे त्याची आई पिंगला, मामा एककर्ण आणि आणखी दहा-बारा मांजरं राहत. त्यांचा एक रिवाज होता. बाहेरून येणाऱ्याला पिंगला दारातच हुंगायची. घरचा वास आला तर आत, नाही तर चालते व्हा. या रिवाजाबद्दल कुणी काही विचारत नसे, कारण विचारलं की वडीलधारे उत्तर म्हणून पंजा मारायचे.

एके वर्षी नदीला पूर आला. तेलीआळी वाहून गेली आणि तिथून शबला नावाची मांजरी कोठाराच्या दारात येऊन उभी राहिली. पोट जमिनीला टेकलेलं. पिल्लं आज-उद्याचीच.

"आई, मी शबला," ती म्हणाली. "डोळे उघडले त्याच आठवड्यात तेल्याने टोपलीत घालून नेलं मला."

पिंगलेने हुंगलं. तिळाचं तेल, पेंड, चिखल. ती फिस्कारली. "माझ्या लेकीला असला घाण वास येत नाही. नीघ."

"बाहेर कोल्हे फिरतायत. पिल्लं उघड्यावर झाली तर एकही उरायचं नाही."

"रक्त रक्ताला ओळखतं," एककर्ण मिशा साफ करत म्हणाला. "आमच्या रक्ताने ओळखलं नाही. विषय संपला."

ती खरं बोलत असेल तर बोधिसत्त्व तिच्याच वेताचा. त्यानेही शबलेला हुंगलं. त्यालाही काही आठवलं नाही. पण न आठवणं हा आपला दोष, तिचा नव्हे, एवढं त्याला कळत होतं. म्हाताऱ्यांचा खाक्या वेगळा: आपल्याला आठवत नाही, म्हणजे ते घडलंच नाही.

"ताई, घटकाभर थांब," म्हणून तो शेजारच्या मसाल्याच्या कोठीत गेला, हिंगाच्या पोत्यांवर मनसोक्त लोळला आणि गुपचूप दारात येऊन उभा राहिला.

पिंगलेने एकदाच हुंगलं आणि त्याच्या नाकावर पंजा ओढला. "कोण रे मेल्या तू? एककर्णा, हाकल याला!"

बोधिसत्त्व जागचा हलला नाही. "आई, सकाळी तूच माझं अंग चाटलंस."

आवाज ऐकून पिंगला थबकली. "अरे, हे काय फासून आलास?"

"हिंग. घटकाभर हिंगात लोळलो तर रोजचा लेक परका झाला. मग तेल्याकडे वाढलेली लेक तुला कशी ओळखू येणार? आणि मामा, रक्त ओळखतं म्हणालात ना? माझ्या नाकावर आलंय. हुंगा आणि सांगा कुणाचं आहे."

एककर्णाने तोंड फिरवलं.

"आणि ही माझी लेक नसलीच तर?" पिंगला अडून बसली.

"नसेल. पोटातली पिल्लं तर आहेत ना? आठवत नसेल तर चाट. आपल्या सगळ्यांना घरचा वास लागला तो चाटूनच लागला. जन्मताना कुणी घेऊन आलं नव्हतं."

पिंगलेने माफी मागितली नाही. मोठ्यांना ती सवय नसते. तिने शबलेचा कान चाटला, तेलाच्या चवीने तोंड वाकडं केलं आणि पुन्हा चाटला. शबला आत आली. संध्याकाळी तिला चार पिल्लं झाली. चारही जगली. ती खरोखर पिंगलेची लेक होती का, हे मात्र त्या कोठारात कुणालाच ठरवता आलं नाही.

विहारात भिक्खूंना एवढं सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, "भिक्खूंनो, परत आलेल्या शिष्याला काल विहाराच्या दारात 'तू आमचा नव्हेस' म्हणणारे स्थविर भद्दसेन तेव्हा पिंगला होते. त्यांच्या मागे मान डोलवणारे स्थविर उग्गत एककर्ण होते. अजून बाहेर बसलेला तो शिष्य शबला होता, आणि बोका मी. ओळख पटेपर्यंत न थांबता जवळ घेणं, याचं नाव मैत्री. भद्दसेन, दार उघडा."