तेच चित्र पुन्हापुन्हा

एकदा एका चित्रकथी आजोबांच्या अंगणात, सकाळी बरोबर सात वाजून वीस मिनिटांनी, त्यांची शिष्या रेवती आली आणि वीणा हातात न घेता ओट्यावर नुसतीच बसून राहिली. या गोष्टीला सुरुवात झाली ती तिथून.

आजोबांना सगळे आबा म्हणत. कागदावर रंगवलेली चित्रे एकेक करून लोकांसमोर धरायची आणि गात गात कथा सांगायची, ही त्यांच्या घरातली विद्या. चित्रांच्या जुडग्याला ते पोथी म्हणत. रेवती त्यांच्या शेजारची. लेकीला कडेवर घेऊन शिकायला यायची. लेक मनू नुकतीच पाऊल टाकू लागली होती. नवरा दत्ताराम दूर उत्तरेत, डोंगरात बोगद्याच्या कामावर.

"घसा बसला का गं?" आबांनी विचारले.

"घसा नाही, आबा. मन बसलंय. काल यांचा व्हिडिओ फोन आला. मनूला समोर धरलं, तर ही तोंड फिरवून मांजराकडे गेली. नेहमी असंच करते. आता हेच म्हणतात, राहू दे, कशाला पोरीला त्रास. फोनच कमी केलाय त्यांनी."

"आणि ती तोंड का फिरवते?"

"चेहरा अडकतो ना. हसायला लागले की हसू मध्येच थांबतं, नि मग एकदम डोळे मिटलेले दिसतात. मोठ्या माणसाला कसंसं होतं, ती तर लेकरू." रेवतीने पदराची गाठ चाचपली. "तालुक्याच्या दुकानात विचारलं मी. तो म्हणाला, ताई, तुमच्या फोनचा पडदा जुना. तो सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो, नवा एकशेवीस वेळा. सगळं सरसर सरकतं म्हणे."

"पदरात काय आहे?"

तिने गाठ सोडली. आत मनूचे चांदीचे वाळे होते. बारशाला दत्तारामाने पाठवलेले. नव्या फोनसाठी आज ते सराफाच्या दुकानात विकायला जायचे होते.

"बोलू नका काही," ती म्हणाली. "उद्या हे घरी आले आणि पोर त्यांच्या कडेवर गेलीच नाही, तर मी काय करू?"

आबांनी पोथी सोडली, एक चित्र काढून तिच्या हाती दिले. समुद्रावरून झेपावणारा मारुती.

"धर. आता खाली घे. परत वर धर. परत खाली. हां, जरा जोरात."

रेवतीला कळेना, पण गुरूने सांगितले म्हणून ती करत राहिली. मनू क्षणभर पाहत बसली, मग कंटाळून मांजराच्या शेपटीमागे निघाली.

"आणखी जोरात."

"आबा, खांदे भरून आले."

"मारुती लंकेला पोचला का?"

"कसा पोचेल? चित्र तेच आहे."

"मग एवढे खांदे कशाला दुखवलेस?" आबा हसले आणि तिच्याशेजारी बसले. "पोरी, फरक नसतो असं मी म्हणणार नाही. नातवाच्या फोनवर मी पाहिलाय. बोटाने पान सरकवलं की अक्षरं ओढ्यातून वाहत गेल्यासारखी जातात. जुन्यावर ती अडखळतात. दोन्ही शेजारी ठेवले तर माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांनाही कळतं. पण पडदा म्हणजे चित्र धरणारा हात. हात कितीही चपळ असू दे, पुढचं चित्र हाताशी आलंच नाही, तर तो तेच चित्र पुन्हापुन्हा दाखवणार. दत्तारामाचं चित्र तिकडे डोंगरातच अडकतंय, रेंज नाही म्हणून. आणि तू निघालीस हात बदलायला."

रेवती हळूच म्हणाली, "मग पोरीला बाप कळायचाच नाही?"

आबांनी तेच चित्र फळीवर टेकवून स्थिर धरले आणि गायला सुरुवात केली. लाटा आल्या, वारा आला, मारुतीने पाय रोवले. मनूने मांजर सोडले. उडी आली तशी तिची मानही वर गेली.

"बघ," आबा म्हणाले. "चित्र जागचं हललं नाही. तिने उडी पाहिली ती आवाजात. दत्तारामाचा आवाज येतो ना नीट?"

"चित्र बंद केलं तर स्वच्छ येतो. पण बंद कोण करतं? तेवढंच तोंड दिसतं."

दुपारी आबांनी लग्नाच्या फोटोवरून दत्ताराम रंगवला. रेवतीने पाहिला आणि तिला हसू आवरेना. "आबा, या मिशा रावणाच्या आहेत."

"हाताला तीच सवय. चालवून घे."

संध्याकाळी नुसता आवाजाचा फोन लागला. रेवतीने चित्र धरले, फोन चित्रामागे ठेवला.

"काय बोलू?" दत्ताराम चाचरत म्हणाला.

"अरे, तू तिचा बाप आहेस का तहसीलदार?" आबा म्हणाले. "बोल की काहीबाही."

मग चित्रामागून दत्तारामाने काढलेला बकरीचा आवाज आला. लांबलचक, खरखरीत.

मनू थबकली. चालत, पडत, उठत चित्रापाशी आली. मिशांवर तळवा ठेवला. पुन्हा बकरी ओरडली, तशी ती वळसा घालून मागे गेली आणि कागदाच्या पाठीमागे वाकून पाहू लागली.

"काय झालं? गप्प का सगळे?" दत्तारामाने विचारले.

"काही नाही," रेवती म्हणाली. "तुमची लेक तुम्हाला चित्रामागे शोधतेय."

पलीकडून पुन्हा बकरी ओरडली, पण या खेपेला तिचा आवाज कापत होता.

रेवतीने पुन्हा बांधलेली पदराची गाठ सोडली आणि वाळे मनूच्या पायांत चढवले. मनूने पाय आपटला.

"हे काय वाजलं?" दत्तारामाने विचारले.

"ओळखा बघू," रेवती म्हणाली.

नवा पडदा हौसेने घ्यायचा तर खुशाल घ्यावा, तो दिसतोही छान. पण दूरच्या माणसाचा चेहरा अडकतो म्हणून कुणी घ्यायला निघाले असेल, तर आधी एकदा चित्र बंद करून नुसता आवाज ऐकवून पाहा, एवढे त्याच्या कानावर नक्की घाला.