रेषेमागची उडी

एका खिंडीच्या दोन अंगांना दोन गावं होती. डोंगरमाथ्यावर वसलेलं ते वरचं गाव आणि पायथ्याला ओढ्याकाठी वसलेलं ते खालचं गाव. दोन्ही गावांना मिळून आठवड्याचा बाजार मात्र एकच, दर मंगळवारचा. ज्या गावात बाजार भरेल त्या गावाची चैन. दुसऱ्या गावानं आपला माल डोक्यावर घेऊन घाट तुडवायचा.

बाजार कुठल्या गावात भरवायचा यावरून आधी काठ्या निघायच्या, डोकी फुटायची. शेवटी दोन्हीकडच्या शहाण्या माणसांनी ठरवलं, डोकी फोडण्यापेक्षा व्हॉलीबॉल खेळा. सुगी उरकून उन्हाळा लागला की खिंडीतल्या सपाटीवर नेट बांधायचं. दोन्हीकडून सहा-सहा जणांनी उतरायचं, मग बाई असो नाहीतर बाप्या. पंधरा पॉइंटांचा एकच डाव. चौदा-चौदा झाले तर पुढचा पॉइंट घेईल त्याचा बाजार, तो वर्षभर.

पंच होता एक म्हातारा मेंढपाळ. तो दोन्हीपैकी कुठल्याच गावचा नव्हता, म्हणून दोन्ही गावांना चालायचा. त्याला एकच डोळा होता. पण तीनशे मेंढरांतलं कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, हे त्याला त्या एका डोळ्यानं बरोबर कळायचं.

खालच्या गावात एक कुंभारीण राहायची. तिची एकुलती एक लेक येसू. गेली तीन वर्षं बाजार वरच्या गावात भरत होता. दर मंगळवारी मायलेकी मडक्यांच्या दोन पाट्या डोक्यावर घेऊन घाट चढायच्या, कारण एका पाटीवर दोघींचं भागत नव्हतं. गेल्या श्रावणात आईचा पाय घसरला. मडकी फुटली ती फुटली, पण गुडघा कायमचा दुखावला. वैद्यानं बोट नाचवून सांगितलं, "बाई, आणखी एक वर्ष हा चढ चढलीस, तर मग घरातल्या घरातसुद्धा काठी धरून चालशील."

त्या दिवसापासून येसूनं मनाशी गाठ मारली. यंदा बाजार खाली आणायचा.

आणि आणण्याजोगी होतीच ती! उंच, सडसडीत, लाकडी थापीनं मडकी थापटून थापटून मनगट असं तयार झालेलं की विचारू नका. डावं, उजवं, डावं अशी तीन पावलं धावत यायची, दोन्ही पाय टेकून वर उसळायची, आणि चेंडू डोक्याच्या वर असतानाच त्याच्या माथ्यावर पंजा ठेवून मनगट खाली वळवायची. चेंडू नेटवरून जायचा आणि पलीकडे नाक खाली करून जमिनीत घुसायचा. असा स्मॅश पंचक्रोशीत कुणाचा नव्हता.

खालच्या गावाला हर्ष झाला. सुगीनंतर रोज संध्याकाळी खळ्यावर सराव सुरू झाला. आता या खेळाचा एक नियम आहे. समोरच्यांची सर्व्हिस मोडून आपल्या हाती आली की सहाही जणांनी एकेक जागा सरकायचं. पुढचा मागं जातो, मागचा पुढं येतो. ज्यांची पाळी मागची, त्यांनी नेटजवळ येऊन स्मॅश मारायचा नाही. मारायचाच असेल तर नेटपासून तीन ढांगांवरच्या आडव्या रेषेच्या मागूनच उडी घ्यायची.

पण गावाचे पाटील भारी हौशी. ते म्हणाले, "येसूला कशाला मागं पाठवता? ती नेटपाशीच राहू दे. बाकीचे फिरा की तिच्याभोवती!"

मळणीच्या मेढीभोवती बैल फिरतात ना, तसे पाचजण येसूभोवती फिरू लागले. रेषा तर कुणी आखलीच नाही. येसूच्या वाट्याला जेवढे चेंडू यायचे तेवढे ती मारायची, आणि तिच्या वाट्याला सगळेच यायचे.

त्या पाचजणांत एक हौसा कासारीण होती. बुटकी, गोलमटोल, सदा हसतमुख. बायकांच्या हातात बांगड्या भरायचं तिचं काम. तिला सगळे म्हणायचे, "हौसे, तू नुसता चेंडू उचलून दे. मारायच्या भानगडीत पडू नकोस." हौसा म्हणायची, "बरं बाई." तीन महिन्यांत तिनं एकही चेंडू पलीकडे मारला नाही. येसूच्या ते कधी लक्षातही आलं नाही.

सामन्याचा दिवस उजाडला. खिंडीत दोन्ही गावं लोटली. म्हाताऱ्या मेंढपाळानं राखेनं रेषा आखल्या, नेटपासून तीन ढांगांवर दोन्हीकडे एकेक आडवी रेषा ओढली आणि ऐकू जाईल असं म्हणाला, "तीन हातांत चेंडू पलीकडे गेला पाहिजे. नेटला शिवायचं नाही. चेंडू धरायचा नाही. आणि आपली पाळी विसरायची नाही."

येसूनं शेवटचं वाक्य ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. तिचं लक्ष आईकडे होतं. आई एका दगडावर पाय लांब करून बसली होती.

वरच्या गावाकडे लाकूडतोड्याचे दोन मुलगे होते, ताडासारखे उंच. नेटपाशी दोघं मिळून हात वर करत तेव्हा भिंत उभी राहिल्यासारखी वाटे. थोरल्यानं हौसाला पाहिलं आणि हसला. "काय गं कासारीणबाई, बांगड्या भरायला आलीस काय आमच्या हातात?"

"भरीन की," हौसा म्हणाली, "पण तुझ्या मनगटाचं माप माझ्या पेटीत नाही बाबा. बैलाचा कासरा लागेल."

दोन्हीकडचे लोक खदाखदा हसले. शिट्टी झाली, खेळ सुरू झाला.

येसू पुढच्या ओळीत होती. गेनू शिंपी तिला चेंडू उचलून द्यायचा. टाके घालणारी त्याची बोटं, चेंडू हवा तिथं अलगद ठेवायची. गेनूनं ठेवायचा आणि येसूनं ठोकायचा. कधी सरळ, कधी तिरका, कधी भिंतीच्या बोटांवर मुद्दाम आपटून बाहेर. बघता बघता अकरा-पाच झाले. पाटलांनी हलगीवाल्याला खूण करून ठेवली.

पण पाळी कुणासाठी थांबते होय? सरकत सरकत येसू मागच्या ओळीत गेली. आता पुढं उरले गेनू, हौसा आणि एक गुडघे कुरकुरणारे तेली. तिकडची भिंत निर्धास्त झाली. एकेक करत वरच्या गावानं गाठत आणलं. बारा-दहा. तेरा-बारा. चौदा-तेरा.

एकच पॉइंट हवा होता. चेंडू तिकडून आला, तेलीबुवांनी कसाबसा वर काढला, गेनूनं सवयीनं नेटजवळ उंच उचलला. खाली हौसा उभी होती. पण मागून येसू वाऱ्यासारखी आली. डावं, उजवं, डावं, उडी, आणि असा तडाखा दिला की चेंडू पलीकडे आपटून उसळला तो थेट खिंडीच्या उतारावरून खाली गडगडत गेला.

हलगी कडाडली. पाटलांनी फेटा हवेत उडवला. आई काठी न घेता उभी राहिली.

आणि शिट्टी वाजली. लांब, एकसारखी.

"पॉइंट वरच्या गावाचा," मेंढपाळ म्हणाला. "चौदा-चौदा."

येसू चवताळून त्याच्यासमोर गेली. "का म्हणून, बाबा? नेटला माझं नखही लागलं नाही. चेंडू रेषेच्या आत पडला!"

"पडला. फार झकास पडला. पण पोरी, तुझी पाळी कुठली?"

येसूनं मान खाली घातली. "मागची."

"आणि उडी कुठून घेतलीस?"

येसूनं वळून पाहिलं. राखेची रेषा दोन पावलं मागं राहिली होती, आणि तिच्या पायांचे ठसे रेषेच्या पुढं धुळीत लख्ख उमटले होते. कुणाला खोटं पाडणार? आपल्याच पायांना?

ती माघारी फिरली. आई पुन्हा दगडावर बसली होती आणि गुडघा चोळत होती.

चेंडू आणायला एकजण उतारावर धावला. तेवढ्या वेळात पाटील लगबगीनं रेषेपाशी आले आणि तोंडावर उपरणं धरून कुजबुजले, "येसू, हौसाशी जागा बदल. तू पुढं हो, ती मागं जाईल. धूळ उडालीय, म्हातारा एका डोळ्याचा. कोण बघतंय?"

येसूनं रेषेकडे पाहिलं. दोन पावलं फक्त. दोन पावलं पुढं सरकलं की पुढचा स्मॅश तिचा, बाजार गावाचा, आणि आईचा घाट वर्षभर सुटला.

हौसानं सगळं ऐकलं होतं. ती न रागावता बाजूला सरकू लागली. "ये की गं पुढं. मला काय, सवयच आहे."

ती एवढंच बोलली, पण येसूला ते चटका बसल्यासारखं लागलं. सवय! तीन महिने ही बाई सरकतेच आहे. हिनं चेंडू मारलेला कुणी पाहिलाय का? आपण नाही पाहिला. पाटलांनी नाही पाहिला. आणि मग येसूच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या भिंतीनं तरी कुठं पाहिलाय?

"पाटील, तुम्ही रेषेबाहेर व्हा," येसू म्हणाली. "मी मागंच राहणार. हौसा, आपली जागा सोडू नकोस. गेनूदादा, या खेपेला चेंडू हौसाला द्या."

गेनूचे डोळे विस्फारले. "हौसाला? अगं, पॉइंट शेवटचा आहे!"

"म्हणूनच. मी मागून धावत येते, रेषेमागून उडी घेते. ती दोघं माझ्यासाठीच उडणार. दुसऱ्या कुणाला ती मोजतच नाहीत."

हौसा कावरीबावरी झाली. "बया, मला मारता येत नाही!"

"मारू नकोसच. बांगडी भरताना काय करतेस?"

"हात मऊ ठेवते. नाहीतर फुटते."

"मग तेच कर. भिंतीच्या मागं नुसता टपकव."

चेंडू वर आला. वरच्या गावानं सर्व्हिस करण्याआधी मेंढपाळानं खालच्या सहाजणांवर डोळा फिरवला आणि बोटानं एकेक जागा दाखवत म्हणाला, "पुढं गेनू, हौसा, तेली. मागं येसू. बरोबर." पाटलांनी उपरण्यानं कपाळ पुसलं.

शिट्टी झाली. वरचे लोकही काही कच्चे नव्हते. त्यांनी मुद्दाम येसूच्याच अंगावर जोरात सर्व्हिस टाकली, म्हणजे ती चेंडू घेण्यातच गुंतेल. येसूनं दोन्ही हात जोडून तो खालून अलगद गेनूकडे दिला, आणि तिथल्या तिथं उठून धावली. डावं, उजवं, डावं. रेषेच्या वीतभर अलीकडे दोन्ही पाय टेकले आणि अशी उसळली, हात असा मागं ताणला, तोंडानं असा हुंकार टाकला की पलीकडची भिंत एकदम उठली. थोरला उडाला, धाकटा उडाला, बाकीचे चौघे पार मागं सरकून दणका झेलायला वाकले.

गेनूनं चेंडू हौसाच्या डोक्यावर ठेवला.

हौसा वर उडाली. उडाली म्हणजे किती, चांगली वीतभर. पण बोटं मऊ होती. तिनं चेंडू धरला नाही, ढकलला नाही, नुसता हात लावून वळवला. चेंडू थोरल्याच्या पंजांवरून कमान करून गेला आणि भिंतीच्या मागं, जिथं कुणी म्हणजे कुणीच नव्हतं, तिथं टप्प करून पडला.

सगळी खिंड त्या चेंडूकडे बघत राहिली. हौसासुद्धा.

"असं कसं?" थोरला ओरडला. "मारला कुठं तिनं? नुसता हात लावला!"

"हात लावला, धरला नाही," मेंढपाळ म्हणाला. "रीतसर आहे. पॉइंट खालच्या गावाचा."

मग जी हलगी वाजली ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही. लोक येसूला खांद्यावर घ्यायला धावले. येसूनं हौसाला पुढं केलं. चौघांनी मिळून तिला उचललं, तेव्हा ती वरून ओरडत होती, "अरे, हळू! हातातल्या बांगड्या फुटतील!"

पाटील छाती काढून सांगत फिरले, "मी आधीपासून म्हणत होतो, हौसात काहीतरी आहे." पण दुसऱ्या दिवशी खळ्यावर रेषा मारायला सगळ्यांच्या आधी पाटीलच हजर होते.

पुढच्या मंगळवारी बाजार खालच्या गावात भरला. येसूची आई आपल्याच दारात पाय लांब करून बसली, आणि गिऱ्हाईक चालत तिच्यापाशी आलं. शेजारी हौसानं पेटी मांडली. दुपारी लाकूडतोड्याचा थोरला मोळी उतरवून घाम पुसत तिथं आला, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "कासारीणबाई, ते टपकवायचं मला शिकवशील काय?"

हौसानं येसूकडे पाहिलं. येसू हसली.

"शिकवीन की," हौसा म्हणाली. "पण आधी मागच्या ओळीत उभं राहायचं. जमेल?"

थोरला डोकं खाजवत म्हणाला, "जमवतो."

यातून घ्यायचं ते तात्पर्य: पाळी मागची असेल तेव्हा मागूनच जोर लावावा आणि पुढच्याला त्याची जागा द्यावी, नियम मोडून एकट्यानं मारलेला मोठा फटका वाया जातो, पण नियमात राहून सगळ्यांनी मिळून लावलेला हलका हातही डाव जिंकून देतो.