टिनाखालचे नर

“माद्याच वांझ निघाल्या, दुसरं काय? आता दोष द्यायचा तो कुणाला, बाबा?”

देवाजीने विचारलं ते असं, की उत्तर त्याच्या खिशातच होतं.

चिंधूबाबांनी बसल्या जागेवरून त्याच्याकडे घोंगडी सरकवली.

ऐनाच्या जंगलात कोसा पाळण्यात त्यांची हयात गेली होती. रेशमाच्या किड्याचं बी, म्हणजे पुढच्या पिकाची अंडी, कसं धरावं, हे शिकायला लांबलांबची माणसं त्यांच्या मातीच्या घरात येऊन राहत. देवाजी त्यांतला सर्वांत हुशार शिष्य. हे सगळ्यांना त्यानेच सांगितलं होतं.

दाराबाहेर कुडाला टेकून त्याची बायको पारबता बसली होती. बी धरलेल्या घरात बाईची सावली पडू नये, असा तिकडचा नेम.

लग्नाला तीन वर्षं झाली, कूस उजवली नाही. म्हणून देवाजी तिला आज माहेरी पोचवायला निघाला होता. परत आणण्याचं कुणी बोललं नव्हतं. सासूने नवी सोयरीक मात्र पाहून ठेवली होती. वाटेत गुरूकडे अंड्यांची तक्रारही करून घ्यावी, म्हणजे एका फेरीत दोन कामं.

“एक अंडं फुटलं नाही, जी. सगळी पिचकली. मादीकोषांच्या माळा तुमच्या घरच्या, म्हणून बोलतो. राग नका मानू.”

“आणि नर?”

“नर माझे!” देवाजी खुलला. “त्यांचे कोष मी आधीच वेगळे काढून घरी नेले होते. नव्या खोलीत टांगले.”

“छप्पर कशाचं?”

“टिनाचं. कोरं करकरीत.”

“दुपारी तिथं निजतोस?”

“छ्या! भाजून निघते जी माणूस.”

“हं.”

“पण कोषातून नर पतंग काय निघाले, बाबा! हे एवढाले पंख. एक लुळा नाही. जोडी लावली की सकाळपर्यंत सुटायचं नाव नाही. नराकडे बोट दाखवायला जागाच नाही.”

“मी कुठं दाखवलं गा?”

...

बाबा उठले. आतून पळसाच्या पानांचा द्रोण घेऊन आले. देवाजीने दोन्ही हात पुढे केले.

बाबा त्याच्या शेजारून सरळ दाराशी गेले.

“माय, आत ये. हे धर.”

“बाबा! बाईमाणूस... नेम आहे ना!”

“तुझ्या घरी पाळलास नेम?”

“काटेकोर, जी. हिला तिकडे फिरकू दिलं नाही.”

“मग?”

पारबता उंबरा ओलांडून आत आली.

द्रोणात कोवळ्या पानावर काळ्या डोक्याच्या, सुतासारख्या बारीक अळ्या वळवळत होत्या. श्वास लागून उडतील की काय, म्हणून तिने तोंड जरा बाजूला केलं.

“कुणाच्या?” देवाजीने विचारलं.

“तुझ्या माद्यांच्या बहिणींच्या. त्याच माळेतल्या काही मी ठेवून घेतल्या होत्या.”

“आणि नर?”

“माझ्या सावलीतले.” बाबा खाली बसले. “कोषात नर नुसता निजलेला दिसतो. पण त्याचं बीज तेव्हाच घडत असतं. ते तापलं, तरी पंख फुटतात. जोडी जमते. मादी अंडीही घालते... अंड्यात काही नसतं, एवढंच.”

“बाहेरून कळत नाही?” देवाजीने विचारलं.

“नाही.”

“मादीला?”

“ती कुणाला सांगणार?”

“नराला तरी?”

“त्याला तर मुळीच नाही.”

पारबताला हसू आलं. ते लपवायला तिने अळ्या नीट पाहिल्या.

देवाजीच्या कानांच्या पाळ्या हळूहळू लाल होत गेल्या. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी तो म्हणाला,

“माणसाचं वेगळं असतं, बाबा.”

“असेल.”

“मग... निघू आम्ही? हिच्या गावची एस.टी. चुकायची.”

“निघा,” बाबा म्हणाले. “गाडी वाटेत सरकारी दवाखान्यापाशी थांबते. तिथं आधी तू उतर.”